माणूस देव का मानायला लागला, हे कुणाला समजवायचं असेल तर

आधी 'देव आहे की नाही' हा वाद बाजूला ठेवा, नाहीतर रात्र जाईल नि मुद्दा तिथेच राहील. आपला प्रश्न एवढाच की विश्वास ठेवायची सवय आली कुठून.

सुरुवात भीतीपासून करा. गवतात सळसळ झाली, वाऱ्याला वाघ समजून पळालो तर थोडी धावपळ, पण वाघाला वारा समजलो तर खेळ खल्लास, म्हणून 'कुणीतरी आहे' असं धरून चालणारा मेंदू टिकला आणि मग वीज कडाडली तरी 'कोण करतंय हे' असंच मनात येतं. पटत नसेल तर हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांची १९४४ ची छोटी फिल्म दाखवा, नुसते दोन त्रिकोण नि एक गोल फिरतात, तरी लोक म्हणतात मोठा त्रिकोण दादागिरी करतोय!

मग मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ आणा. त्याने पाहिलं की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर आतल्या शांत पाण्यात मासेमारीला मंत्रतंत्र नाही, खुल्या समुद्रात जीव धोक्यात, तिथे मात्र साग्रसंगीत विधी.

पण इथे थांबू नका, कारण एवढ्याने माणूस भुतं का मानतो ते समजतं, उपवासासारखे त्रासाचे नियम का पाळतो ते नाही. तिथे ग्रुपचा मुद्दा आणा: जाचक नियम पाळणारा सहसा फुकट्या नसतो, म्हणून बाकीचे त्याच्यावर भरवसा टाकतात. रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने १९व्या शतकातले अमेरिकन कम्यून (एकत्र राहून सगळं वाटून घेणाऱ्या वसाहती) तपासले तर धार्मिकवाले जास्त टिकलेले, त्यातही कडक नियमवाले आणखी जास्त.

आणि कुणी 'हे सिद्ध झालंय' म्हणालं तर सांगा, आधी मोठे समाज की आधी मोठे देव (म्हणजे माणसाच्या वागण्यावर नजर ठेवून शिक्षा करणारे), यावरचा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला २०१९ चा पेपर २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला.