डोमेनचं बिल कुणाच्या नावावर? करहिशेबातल्या या चुका टाळा

गोव्यात हल्ली होमस्टे असो, काजूगराचं दुकान असो की रेंट-अ-बाईक, स्वतःची वेबसाइट सगळ्यांनाच हवी असते. हवीच. पण वर्षाकाठी हजार-बाराशेला मिळणाऱ्या डोमेनवरून, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून, रिटर्न भरायच्या दिवसांत आमच्या टेबलावर जो गुंता येतो, तो लाखांच्या मालाच्या खरेदीतही दिसत नाही. तेच घोळ दरवर्षी, फक्त माणसं वेगळी. (पुढची आयकराची कलमं १९६१च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा कायदा लागू आहे, तिथे क्रमांक वेगळे आहेत.)

डोमेन भाच्याच्या नावावर

ही माझी सगळ्यात नावडती चूक. घरातलं एखादं पोर कॉम्प्युटरवर बसतं, स्वतःच्या जीमेलवरून, स्वतःच्या कार्डावर डोमेन घेतं आणि मामा खूश होतो, पाच मिनिटांत काम झालं म्हणून.

फोंड्याजवळ मसाले आणि कोकम विकणाऱ्या एका जोडप्याचं असंच झालं. भाचा पुढे बोटीवर नोकरीला गेला. नूतनीकरणाच्या मेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडून, ओटीपी जाणार त्याच्या इथल्या सिमवर, आणि तो कुठल्या समुद्रात आहे हे त्याच्या आईलाही धड सांगता येईना. चवथीच्या ऑर्डर ऐन भरात असताना साइट बंद. मुदत उलटून सवलतीचे दिवसही संपले होते, त्यामुळे रिडेम्प्शन फी, म्हणजे नाव सोडवून घ्यायचा जादा आकार, भरूनच नाव परत मिळालं.

खरी मजा हिशेबात होती. आधीची सगळी बिलं भाच्याच्या नावावर, जीएसटी नंबर कुठेच नाही. वहीत गल्ल्यातून काढलेल्या नोटांसमोर एवढंच लिहिलेलं: ‘भाच्याला दिले’. आता, खर्च धंद्यासाठीच झाला हे दाखवता आलं तर आयकरात कलम ३७(१)खाली तो वजा मिळतो, पैसे आधी भाच्याने भरले असले तरी. त्यासाठी त्याचं बिल, धंद्याच्या खात्यातून त्याला केलेली परतफेड आणि एक व्हाउचर, हे तीन कागद लागतात. पण १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या भरायच्या करातून वळता करायची सोय, गेलं ते गेलंच. बिलावर तुमचा नंबर नाही म्हणजे ते ग्राहकाचं बिल, तुमच्या २-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, ते कधीच उमटणार नाही.

वर त्यांच्या हिशेबनिसाने रिडेम्प्शन फी ‘दंड’ म्हणून टाकली आणि दंड वजा मिळत नाही म्हणून करासाठी पुन्हा उत्पन्नात धरली! कायदा मोडल्याचा दंड वजा मिळत नाही, हे खरं. उशिरा पैसे भरल्याबद्दल कंपनीने करारानुसार लावलेला आकार हा कायदाभंग नव्हे. तो साधा धंद्याचा खर्च आहे.

माझ्याकडे नवीन माणूस आला की मी आधी डोमेनच्या खात्यात लॉगिन करायला लावतो. मालक म्हणून फर्मचं नाव, मेल फर्मचा, मोबाइल मालकाचा, आणि बिलावर ३०ने सुरू होणारा आपला गोव्याचा जीएसटी नंबर. हे दिसल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. लोक वैतागतात, वैतागू देत.

दुसऱ्याकडून विकत घेतलेलं नाव सरसकट खर्चात टाकणं

नवं डोमेन नोंदवणं आणि कुणाकडे आधीच असलेलं नाव मोठी रक्कम मोजून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला नेहमीचा महसुली खर्च, ज्या वर्षी झाला त्या वर्षी वजा. दुसऱ्यात तुम्ही टिकाऊ मालमत्ता घेता. तो भांडवली खर्च, आणि त्यावर मिळतो घसारा, म्हणजे दरवर्षी शिल्लक किमतीचा ठरावीक भाग वजा: ट्रेडमार्क, परवाने आणि तत्सम व्यापारी हक्कांच्या गटात, कलम ३२खाली २५ टक्के. डोमेनला ट्रेडमार्कची सगळी लक्षणं आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात म्हटलंच आहे. तो खटला कराचा नव्हता, पण डोमेनला या गटात बसवायला त्याचा आधार घेता येतो.

मडगावच्या एका होमस्टेवाल्याने असं एक नाव नोव्हेंबरमध्ये १,८०,००० रुपयांना घेतलं. विकणारा म्हणाला, लाख बँकेत टाका, बाकीचे ऐंशी हजार रोख द्या. यांनी दिले. आणि तेव्हाच्या हिशेबनिसाने सगळी रक्कम ‘वेबसाइट खर्च’ म्हणून टॅलीत मारली. पुढे फाइल भलत्याच कारणासाठी तपासणीला निघाली आणि अधिकाऱ्याने नेमकं तेच लेजर मागितलं.

मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिली तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरतच नाहीत. म्हणजे ऐंशी हजार तिथेच बुडाले. उरलेल्या लाखावर घसारा, तोही त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी म्हणून निम्मा: १२,५०० रुपये. उरलेले १,६७,५०० अधिकाऱ्याने पुन्हा उत्पन्नात धरले, वर व्याज. दंडाची टांगती तलवार नको म्हणून अपील न करता कर आणि व्याज भरून ते मोकळे झाले. पुढच्या वर्षी ८७,५००वर २५ टक्के, म्हणजे २१,८७५ वजा मिळाले, तेवढाच दिलासा.

या व्यवहाराला लेखी करार करा, पैसे बँकेतून द्या, नाव हस्तांतर झाल्याचा मेल छापून फायलीत लावा. विकणाऱ्याने जीएसटी लावला असेल तर त्याचं क्रेडिट घ्या किंवा ती रक्कम किमतीत धरून घसारा घ्या. दोन्ही नाही. आणि नाव नुसतं घेऊन ठेवलं, त्यावर काही चालूच केलं नाही, तर घसारा मागू नका.

बाकीच्या, थोडक्यात

४४एडीखाली उलाढालीच्या ठोक ६ किंवा ८ टक्के नफा दाखवणारे विचारतात, ‘सर, डोमेनचे वेगळे वजा करू ना?’ नाही. त्या टक्क्यांत सगळा खर्च आला, घसारासुद्धा. इतकंच नव्हे, त्या वर्षांचा घसारा घेतलाच असं धरून मालमत्तेची शिल्लक किंमत खाली येते.

परदेशी कंपनीकडून घेतलं, जीएसटी नंबर दिला आणि बिलावर कर शून्य दिसला, तर तो कर माफ झालेला नाही. तुम्हाला तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी तुम्ही स्वतः, १८ टक्के रोख (क्रेडिट न वापरता) भरून, ३-बी रिटर्नच्या ३.१(डी)मध्ये दाखवायचा असतो. मग क्रेडिट घ्या. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्यांना, तो भरावा लागतो आणि क्रेडिटही नाही.

परदेशी कंपनीला दिलेली नोंदणी फी म्हणजे रॉयल्टी (दुसऱ्याचा हक्क वापरल्याचा मोबदला), टीडीएस कापा, असं सांगणारे अजून भेटतात. गोडॅडी या डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये ही फी रॉयल्टी नाही असा निकाल दिला. न्यायाधिकरणाच्या जुन्या, उलट आदेशाची झेरॉक्स घेऊन हिंडू नका.

दहा वर्षांचे पैसे एकदम भरले तर काटेकोरपणे ते दरवर्षी वाटून लिहायला हवेत. दहा-बारा हजारांसाठी मी ते करत नाही. मोठी रक्कम असली तर करतो.

डोमेन घेऊन विकण्याचाच धंदा असेल तर ती नावं मालाचा साठा. त्यावर घसारा कसला?

आणि डोमेन, होस्टिंग, मेल, लोगो असं सगळं एका ओळीत ‘वेब पॅकेज’ म्हणून लिहिलेलं डिझायनरचं बिल घेऊ नका. प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहून मागा. तो कुरकुर करेल. पैसे द्यायच्या आधी मागा, म्हणजे लिहून देईल.