टाकीबाहेर पडलेल्या माशाला सावरताना

उडी मारून टाकीबाहेर पडलेला, काच तडकल्याने घाईघाईत बादलीत टाकलेला किंवा भर उन्हाळ्यात लाईट गेल्याने गुदमरलेला मासा पुन्हा पोहू लागला, की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र अशा अपघातातून वाचलेले बरेच मासे पुढच्या काही दिवसांत दगावतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असल्यामुळे पाणी सतत आत शिरत असते आणि क्षार बाहेर झिरपत असतात. निरोगी मासा हा तोल कल्ले आणि मूत्रपिंडे यांच्या बळावर सांभाळतो. धक्का बसलेल्या माशाला तेच जड जाते, त्यातच अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेला असेल तर जंतूंना वाट मोकळी होते. म्हणून या काळात माशापेक्षा पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे.

जमिनीवर पडलेला मासा उचलण्यापूर्वी दोन्ही हात टाकीच्याच पाण्यात ओले करावेत, कारण कोरड्या हाताला तो थर चिकटून निघतो. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर उन्हाळ्यात धुळीची पूड कायम असते. ती केस-काड्यांसह कल्ल्यांच्या कडेला चिकटते, तरी फडक्याने पुसू नये. टाकीतले पाणी मगमध्ये घेऊन त्यात मासा हलकेच विसळावा आणि मगच टाकीत सोडावा. तो आडवा पडत असेल तर एअर स्टोनच्या (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या) जवळ, तोंड पाण्याच्या प्रवाहाकडे करून, ओल्या हाताने नुसता आधार द्यावा. शेपटी धरून मागे-पुढे ओढण्याची पद्धत अनेक जण सांगतात, पण मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटे जाते आणि त्याचा उपयोग होत नाही. फायटर आणि गोरामी यांना हवेतला प्राणवायू घेणारे वेगळे इंद्रिय असते, त्यामुळे ओलावा असेल तर ते बाहेरही बराच वेळ तग धरतात. निपचित दिसला म्हणून असा मासा टाकून देण्याची घाई करू नये.

टाकी फुटली असेल तर साबण-निरमा कधीही न लागलेला रुंद तोंडाचा टब घ्यावा आणि जमेल तेवढे जुने पाणी त्यात वाचवावे. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवावा, नळाखाली धरून स्वच्छ करू नये. माशांनी बाहेर टाकलेल्या विषारी अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू त्या मळकट दिसणाऱ्या स्पंजातच राहतात आणि क्लोरीनने ते मरतात.

यापुढची अडचण खास खानदेशी आहे. जळगावला वाघूर धरणाचे पाणी येते, इतर गावांना तापी-गिरणेचे येते, कुठे टँकर तर कुठे बोअर असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि गावातल्या टाकीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकलेली असते. पाणी काही दिवसांआड येत असल्याने आपण ते साठवतो, ती सवय इथे उपयोगी पडते, कारण उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन बहुतांशी उडून जातो. तेवढा वेळ नसेल तर मत्स्यदुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाकावेत. बोअरच्या पाण्यात बहुधा क्लोरीन नसते, पण ते जड असते आणि त्याचा पीएचही (आम्ल-अल्कतेचे माप) अनेकदा चढा असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते, आणि उष्णतेनेही ते वाढते. त्यामुळे मासा नळाच्या पाण्यात वाढला असेल तर एकदम बोअरच्या पाण्यात सोडू नये. दर अर्ध्या तासाने थोडे-थोडे पाणी मिसळत जावे.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी तर वापरूच नये. गोल्डफिशला १८ ते २४ अंश, तर गप्पी आणि फायटर यांना २४ ते २८ अंश तापमान मानवते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. गरम पाण्यात मासा पृष्ठभागावर तोंड काढतो त्याचे हेच कारण. पाणी गार करण्यासाठी बर्फाचे खडे टाकू नयेत. गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी किंवा पंख्याचा वारा पाण्यावर सोडावा, मात्र तासाला दोन अंशांहून अधिक उतार होऊ देऊ नये. लाईट वारंवार जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घ्यावाच, त्या पैशाचा विचार करू नये.

त्यानंतर माशाला एकटे सोडावे, हे घरातल्या मुलांना पटवणे सर्वांत कठीण. टाकीचा दिवा बंद ठेवून दोन बाजूंना कापड लावावे, चावरे सोबती जाळी घालून वेगळे करावेत आणि पहिले चोवीस तास खायला देऊ नये. न खाल्लेला दाणा कुजून अमोनियाच वाढवतो. पुढे चिमूटभर देऊन तो किती वेगाने संपतो ते पाहावे. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने खडेमीठ तोलून, वेगळ्या भांड्यात विरघळवून, काही तासांत टप्प्याटप्प्याने मिसळल्यास क्षारांची गळती कमी होते. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही, म्हणून पाणी बदलताना फक्त काढलेल्या पाण्यापुरतेच नवे घालावे. टाकीत लोच, कोरीडोरास यांसारखे तळाशी राहणारे मासे किंवा नाजूक वनस्पती असतील तर मीठ वेगळ्या टबातच वापरावे. फायटरसाठी अंगणातल्या देशी बदामाचे वाळून गळलेले, फवारणी न झालेले एखादे पान धुऊन टाकले तरी चालते. हळद मात्र टाकू नये, तिने पाणी गढूळ होण्यापलीकडे काही साधत नाही.

आठवडाभर रोज पाचवा हिस्सा पाणी बदलावे आणि मासा लांबून पाहावा. पर अंगाला चिकटलेले, कल्ल्यांची उघडझाप भरभर, रंग फिका, कोपऱ्यात तळाशी बसणे ही ताणाची लक्षणे पहिल्या दिवशी दिसणे स्वाभाविक आहे; तिसऱ्या दिवशीही ती तशीच असतील तर अमोनिया आणि त्यापासून बनणारे विषारी नायट्राइट तपासण्याचा संच आणावा. खरचटल्या जागी कापसासारखा पुंजका आला किंवा मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले, तरच औषधाकडे वळावे. फिल्टर चालू असलेल्या टाकीत मिथिलीन ब्लू हे निळे औषध ओतल्यास उपयोगी जिवाणूंना अपाय होतो, म्हणून तो उपचार वेगळ्या टबात, एअर स्टोन लावून करावा. मासा नियमित खाऊ लागला, पर पसरून पोहू लागला आणि ठिपके-पुंजके नसले, की पंधरा-वीस मिनिटे तापमान जुळवून त्याला मूळ टाकीत सोडावे. त्याआधी झाकण नीट बसवून एअर पंपच्या नळीसाठी ठेवलेली फट जाळीच्या तुकड्याने बुजवावी आणि पाण्याची पातळी काठापासून तीन-चार बोटे खाली आणावी.