सायमन-गारफंकलची पडेल पहिली रेकॉर्ड ऐकायची कशी

वसईच्या आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी बावीस वर्षं सेकंड गाते. सेकंड म्हणजे खालचा आवाज. तो असला की कुणाच्या लक्षात येत नाही आणि नसला की गाणं पोकळ लागतं. त्यामुळे सायमन आणि गारफंकल ही अमेरिकन गायकांची जोडी लावली की माझा कान आपसूक खालच्या आवाजाकडे, म्हणजे पॉल सायमनकडे जातो. बाकी जग वरच्या आर्ट गारफंकलवर फिदा. असू दे.

भावाने गल्फमधून आणलेली त्यांची ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची कॅसेट आम्ही फीत चिकटवून चिकटवून ऐकली. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डमधलं एकही गाणं त्या कॅसेटवर मूळ रूपात नाही, हे कळेपर्यंत माझी चाळिशी आली होती. ती रेकॉर्ड म्हणजे ‘वेन्सडे मॉर्निंग, ३ ए.एम.’. कोलंबिया कंपनीने ती ऑक्टोबर १९६४ मध्ये काढली, सुरुवातीला जेमतेम तीन हजार खपली आणि जोडी फुटली. पॉल इंग्लंडला गेला, आर्ट न्यूयॉर्कमध्ये पुन्हा अभ्यासाला लागला.

बारा गाणी, एकतीस मिनिटं. पण पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. ते टाळ्या पिटत गायचं गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीत, आहे आणि दोघं कॉलेजच्या गॅदरिंगला उभे राहिल्यासारखे गातात. तिथेच बरेच जण रेकॉर्ड बंद करतात. तुम्ही थेट सहाव्या गाण्यावर जा, ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वर.

हे तर पाठ आहे, म्हणाल. पाठ आहे ते दुसरं. १५ जून १९६५ रोजी निर्माता टॉम विल्सनने या जोडीला न विचारता जुन्याच ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. तेच गाणं जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि फुटलेली जोडी पुन्हा जमली. गळे तेच, गायन तेच, फक्त वर मुलामा. म्हणून दोन्ही लागोपाठ ऐका, आधी गाजलेलं, मग मूळ. गाजलेल्यात दुसऱ्या कडव्याला ड्रम येतात. चौथ्या कडव्याशी कान टवकारा. तिथे लय ओढल्यासारखी मंदावते आणि वादक गायकांसाठी थांबल्यासारखे वाटतात. गाताना या दोघांनी कुठे मात्रा मोजल्या होत्या? शब्दाला हवा तेवढा श्वास घेतला होता. एकदा ते ऐकू आलं की मूळ रूपात त्या श्वासांभोवतीची मोकळी जागाही ऐकू येते. मला ते गाणं खऱ्या अर्थाने तिथे भेटलं.

मग मागे या, तिसऱ्या गाण्यावर, ‘ब्लीकर स्ट्रीट’. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला हा रस्ता. धुकं, तीस डॉलर भाड्याची खोली, चर्चची हळू वाजणारी घंटा. आमच्या क्वायरच्या शिस्तीने सांगते: पहिल्या खेपेला फक्त खालचा आवाज धरा. जमत नसेल तर ओठ मिटून त्याच्याबरोबर गुणगुणा. दुसऱ्या खेपेला फक्त वरचा. तिसऱ्या खेपेला काहीच धरू नका. भावगीतांवर वाढलेल्या आपल्या कानाला एकच चाल धरायची सवय; इथे दोन चाली शेजारी शेजारी नांदतात आणि कुणी कुणाचा साथीदार नसतो. गाण्याच्या शेवटी कनानचा रस्ता लांब असल्याचं येतं. बायबल वाचणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी: कनान म्हणजे इस्रायली लोकांना देवाने कबूल केलेली भूमी.

चौथं, ‘स्पॅरो’. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत दार चिऊताईचं असतं आणि ते उघडत नाही. इथे दारोदार हिंडते ती चिमणीच. ओक नाही म्हणतो, राजहंस नाही म्हणतो, गहूही नाही म्हणतो. शेवटी तिला पोटाशी घेते ती माती. राखेच्या बुधवारी, म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लावताना आम्ही हेच ऐकतो, की माती आहेस आणि मातीलाच मिळशील, त्यामुळे या गाण्याला मी फार काळ तटस्थ राहू शकत नाही.

पाचवं ‘बेनेडिक्टस’ लोक हमखास पुढे ढकलतात. ते ऑर्लांडो दी लासो या सोळाव्या शतकातल्या संगीतकाराच्या दोन आवाजांच्या लॅटिन रचनेवर बेतलेलं आहे. ‘जो परमेश्वराच्या नावाने येतो तो धन्य’ हा मिस्सामधलाच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतलाच, भाग. गंमत अशी की लॅटिन मिस्सा जाऊन लोकभाषांतली यायला लागली ती याच सुमारास, आणि न्यूयॉर्कची दोन ज्यू पोरं ते लॅटिन इतक्या प्रेमाने गात होती. माझ्या आजीला ते शब्द पाठ होते, अर्थ माहीत नव्हता.

बॉब डिलनचं गाणं सोडलंत तरी चालेल. फार स्वच्छ उच्चारात गायलंय, वक्तृत्व स्पर्धेसारखं. ‘पेगी-ओ’ गोड आहे, बस. पण उभ्या बासवर कान ठेवा. वाजवणारा बिल ली हा पुढे प्रसिद्ध झालेल्या सिनेदिग्दर्शक स्पाइक लीचा बाप.

शेवटचं, शीर्षकगीत, रात्री ऐका, आवाज कमी ठेवून. पंचवीस डॉलर आणि थोड्या चिल्लरसाठी दारूचं दुकान लुटलेला पोरगा पहाटेपूर्वी निघायचंय म्हणून झोपलेल्या मुलीकडे बघत बसलाय. गुन्हा आणि अंगाई एकाच चालीत. हेच शब्द त्यांनी १९६६ च्या ‘साउंड्स ऑफ सायलेन्स’ या रेकॉर्डमध्ये नवं नाव आणि धावती लय देऊन पुन्हा वापरले. तेही ऐका, म्हणजे घाईत काय सांडलं ते कळेल.

एवढं झाल्यावर चवीला १९५७ चं ‘हे, स्कूलगर्ल’ लावा. तेव्हा हे दोघं सोळा वर्षांचे, नाव ‘टॉम अँड जेरी’, गाणं एव्हरली ब्रदर्स या तेव्हाच्या गायक भावांच्या जोडीची सरळ नक्कल. ते ४९ व्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. तिथेही खालचा आवाज धरा. पॉल अजून आर्टच्या मागेमागे पळतोय, थेट पहिल्या महिन्यातल्या आमच्या नव्या पोरींसारखा.