सायकल कुठे वाकली त्यावरून: बेळगावच्या रस्त्यावर एकमेकांना सांभाळून कसं जायचं

शहापुरात आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान वडिलांच्या काळापासून आहे. ते तासावर सायकली भाड्याने द्यायचे. मी पंक्चर काढतो, चाकाचा आऊट म्हणजे वाकडेपणा काढतो आणि आता गिअरच्या सायकलींचे ब्रेकही लावतो. तीस-पस्तीस वर्षं हेच करत आल्याने सायकल दारात आली की काय झालं असेल, ते मालकाने सांगायच्या आत कळतं. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, मागे दबलेला असला तर समोर काहीतरी अचानक आडवं आलेलं असतं. मागचं चाक पापडासारखं मुरडलेलं असलं तर मागून धडक बसलेली असते. डावं पेडल आणि हँडलची डावी मूठ खरवडलेली असली तर कुणीतरी कडेला दाबलेलं असतं, नाहीतर ओल्या रुळावर चाक घसरलेलं असतं.

म्हणून नियम पुस्तकातल्या क्रमाने सांगत नाही, दुकानात येणाऱ्या सायकलींच्या क्रमाने सांगतो. सायकलवाले, चालणारे आणि गाडीवाले, तिघांसाठीही. आपण पुढे काय करणार आहोत ते शेजारच्याला आधी कळलं पाहिजे, एवढंच यात पुन्हा पुन्हा येईल.

दबलेला चिमटा

खडेबाजार, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड, जिथे मोटारी कडेला ओळीने उभ्या असतात तिथे सायकलवाला बिचारा त्यांना अगदी चिकटून जातो, कारण मधून गेलं तर मागचा हॉर्न मारतो. मोटारीचं दार उघडलं की जवळजवळ एक मीटर बाहेर येतं. सायकल तासाला पंधरा किलोमीटरने चालली तरी सेकंदाला चार मीटर पुढे जाते. दार उघडलेलं दिसून ब्रेक दाबेपर्यंत तुम्ही दारावर असता. माझ्या डाव्या मनगटात यामुळेच पट्टी बसवलेली आहे. दार उघडणारा माणूस वाईट नव्हता, दवाखान्यात तोच घेऊन गेला. त्याने मागे बघितलं नव्हतं, एवढंच.

सायकलवाल्यांनी उभ्या मोटारींपासून हँडल एक मीटरभर लांब ठेवायचं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. सरळ एका रेषेत चालत राहा. दोन मोटारींच्या मधल्या रिकाम्या जागेत आत शिरून पुन्हा बाहेर येणं सगळ्यात वाईट, कारण मागच्याला तुम्ही दिसेनासे होता आणि एकदम त्याच्यापुढे उगवता. मोटारीच्या आत डोकं हललं, मागचा लाल दिवा आत्ताच विझला, पुढचं चाक वळलेलं आहे, अशा खुणा बघत चला.

मोटारवाल्यांनी एक सवय लावून घ्यावी. दार ज्या बाजूचं, त्याच्या उलट हाताने उघडायचं. चालक उजवीकडे बसतो, तर त्याने डाव्या हाताने दार उघडायचं. हात आडवा गेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागचा रस्ता आपोआप दिसतो. मागच्या सीटवरच्या मुलांना हे आजच शिकवा, दोन दिवसांत त्यांच्या अंगवळणी पडेल. रिक्षातून उतरणाऱ्यांनी डाव्या बाजूनेच उतरायचं, आणि पाय खाली टाकण्याआधी मागे बघायचं.

खरवडलेली डावी बाजू

लोंढा-मिरज रेल्वेमार्ग आपल्या शहराच्या मधूनच जातो. कपिलेश्वर मंदिराजवळ, गोगटे सर्कलला आणि तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाले, तरी टिळकवाडीतल्या गेटवर थांबणं ज्याला माहीत नाही तो बेळगावकर नव्हे. गेट पडलं की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. आधी डावी बाजू भरते, मग दुचाकीवाले उजवीकडून पुढे येतात. पलीकडेही तेच. गेट उठलं की दोन्ही फौजा समोरासमोर, आणि त्यांच्या मधे शाळेची पोरं, भाजीची बुट्टी डोक्यावर घेतलेली मावशी आणि सायकल हातात धरलेले म्हातारे काका.

इथे प्रत्येकाने आपली डावी बाजू सोडायची नाही. उजवीकडून पुढे गेलेल्या एकामुळे मागचे पन्नास अडकतात, हे मी लहानपणापासून बघतोय. सायकलवाल्याने ओळीत उभं राहताना बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाजवळ थांबू नये. उंच केबिनमधून तिथली सायकल दिसतच नाही. एकतर त्याच्या पूर्ण पुढे, त्याला आपण दिसू अशा जागी थांबा, नाहीतर त्याच्या मागे. आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

गेट उठल्यावर चालणाऱ्यांना आधी जाऊ द्या. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो. बुट्टी डोक्यावर घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही, तिला मागून हॉर्न देऊन काही उपयोग नाही. ती घाबरते, तोल जातो. तिच्या मागे पाय टेकून हळू चला.

आता रूळ. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचा. रस्ता तिरका असेल तर आधी मागे बघा, हात दाखवा, थोडं वळण घ्या आणि चाक रुळाला आडवं करून पार व्हा. तिरकं गेलात की चाक रुळाच्या खोबणीत बसतं आणि माणूस बाजूला फेकला जातो. पावसात रुळावर ब्रेक मारायचा नाही, पेडलही मारायचं नाही. आधीच वेग कमी करून सायकल नुसती वाहू द्यायची. मनात थोडीही शंका असली तर उतरून ढकला. बंद गेटखालून सायकल वाकवून नेणारे रोज दिसतात. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि एक गाडी गेल्यावर दुसऱ्या रुळावरून उलट दिशेची येत असू शकते.

सर्कल आणि उजवं वळण

चन्नम्मा सर्कल, गोगटे सर्कल, आरपीडी कॉलेजजवळचा चौक, तिन्हीकडे नियम एकच. जो आधीच सर्कलमध्ये फिरतोय त्याला जाऊ द्यायचं, मग आपण शिरायचं. सिग्नल नसलेल्या चौकातही उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. गावात मात्र ज्याची गाडी मोठी तो आधी, असं चालतं. दुचाकीवाल्यांनो, सर्कलला पूर्ण फेरी न मारता उजवीकडून शॉर्टकट मारू नका. तिथून समोरून कुणी येईल अशी चालणाऱ्याची अपेक्षाच नसते, तो दुसरीकडे बघून पाऊल टाकतो.

सायकलने उजवीकडे वळायचं असेल तर तीस-चाळीस मीटर आधीपासून तयारी करा. मागे बघा, उजवा हात सरळ बाहेर काढा, तीन सेकंद तसाच ठेवा, मागचा हळू झालाय याची खात्री करा, मग मधे सरका. हे जमत नसेल, किंवा शाळा सुटायची वेळ असेल, तर सरळ पलीकडे जा, उतरा आणि सायकल हातात धरून चालणाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडा. मी स्वतः चन्नम्मा सर्कलला असंच करतो.

गाडीवाल्यांनी सायकलला ओलांडताना एक मीटर तरी सोडावं, जमलं तर दीड. तेवढी जागा नसेल तर मागेच राहावं. उड्डाणपुलाच्या चढावर सायकल डुलते, कारण पेडलवर जोर द्यावा लागतो. तिथे आणखी जागा द्या. आणि हॉर्न अगदी पाठीशी येऊन लांबलचक वाजवू नका. दुरून एकदा हलकेच पुरतो.

वेगाचा हिशेब पोरांना असा सांगतो: तासाला ३० किलोमीटरने गाडी सेकंदाला ८ मीटर जाते, ५० ने जवळजवळ १४ मीटर. समोर काही आलंय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि गाडी थांबायला खरी सुरुवात त्यानंतर होते. गणपत गल्लीत, मारुती गल्लीत ३० सुद्धा फार झालं.

बाजारात चालणाऱ्यांसाठी

पदपथ असेल तर त्यावरूनच चाला. नसेल, किंवा त्यावर गाड्या लावलेल्या असतील, तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चाला. मूल बरोबर असेल तर ते आतल्या बाजूला आणि त्याचं मनगट धरलेलं, बोट नव्हे. ओलांडताना हात वर करा, येणाऱ्याच्या डोळ्यांत बघा आणि एकाच चालीने जा. अर्ध्यातून मागे पळू नका, कारण चालकाने तुम्ही पुढे जाणार असं धरून गाडी तुमच्या मागून काढलेली असते. उभ्या बसच्या पुढून कधीच ओलांडू नका.

झेब्रा क्रॉसिंगवर चालणाऱ्याचा हक्क पहिला, हे कायद्यातच आहे. पदपथावर गाडी लावायला आणि चालवायलाही बंदी आहे. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, त्यानंतर काही रस्त्यांना चांगले रुंद पदपथ झाले. त्यावर स्कूटर उभी करणाऱ्याला मी दुकानातून उठून सांगतो, ‘काका, म्हातारी माणसं खाली उतरतात हो.’ बहुतेक जण काढतात.

इथे दोन-चार शब्द कानडीचे सगळ्यांनाच यावेत. ‘स्वल्प निल्लरी’ म्हणजे जरा थांबा. ‘दारी बिडरी’, वाट द्या. ‘मोदल नीव होगरी’, आधी तुम्ही जा. एडक्के म्हणजे डावीकडे, बलक्के म्हणजे उजवीकडे. कोल्हापूर, चंदगडकडून येणारे पाहुणे पाटीवर ‘निधानवागी चलिसि’ वाचतात आणि विचारतात, कसलं निधान? हळू चालवा, असा त्याचा अर्थ. शाळेजवळ ‘मुंदे शाले इदे’ लिहिलेलं असतं, पुढे शाळा आहे. चौकात भाषा विसरली तरी मोकळा तळहात दाखवून वाट दिलेली सगळ्यांना कळते.

मुरडलेलं मागचं चाक

या सायकली जास्त करून शहराबाहेरच्या रस्त्यांवरून येतात, आणि जास्त करून संध्याकाळच्या. पिरनवाडी, मच्छे, खानापूर रोडवर उद्यमबागेतून कामावरून सुटलेले लोक अंधारात घरी जातात. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, पेडलला आणि मडगार्डला रिफ्लेक्टर, यापेक्षा स्वस्त विमा मला ठाऊक नाही. पेडलचा रिफ्लेक्टर वरखाली हलतो, त्यामुळे लांबूनच ही सायकल आहे हे कळतं. घोट्याला चमकणारी पट्टी बांधली तरी तेच काम होतं. हेल्मेट घाला. सायकलवाल्याच्या डोक्याचं हाड काही वेगळं नसतं.

दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले उसाचे शेंडे, मागे कित्येकदा दिवाच नाही. ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाही, ती आतल्या बाजूला कापत येते. म्हणून त्याच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नका, आणि वळणावर तर त्याच्या जवळही राहू नका. ट्रॉलीतून ऊस ओढणाऱ्या पोरांना ओरडा, मीही ओरडतो. ऊस एकदम सुटला की पोरगं मागे पडतं, आणि मागे गाडी असते. ट्रॅक्टरवाल्या भावांनी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी पूर्ण रुंदीला लावावी आणि उसाने ती झाकू देऊ नये.

पावसाळा

आपल्याकडे जूनला लागलेली झड गणपतीपर्यंत सोडत नाही. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसतं, पकडतच नाही. म्हणून चौक यायच्या आधी ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यायची. दोन्ही ब्रेक बरोबर, मागचा किंचित आधी. पाणी साचलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, त्यामुळे सायकलवाला तो चुकवणारच. मागच्या गाडीने हे धरूनच अंतर ठेवावं. चेंबरची लोखंडी झाकणं आणि रंगवलेले पट्टे बर्फासारखे होतात, त्यावर वळू नका. रेनकोट पिवळा किंवा भगवा घ्या, काळा नको. टोपीने कान आणि बाजूची नजर झाकली जाते, म्हणून मान पूर्ण वळवून बघा. डबक्यातून जाताना गाडीवाल्यांनी वेग मोडावा, शाळेला निघालेल्या पोरांचा दिवस ओल्या कपड्यांत जातो.

फिरायच्या वाटा

व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत, रेसकोर्सच्या बाजूला सकाळी चालणारे आणि सायकलवाले एकत्र असतात. तिथे चालणाऱ्याचा मान आधी. दहा पावलांवरून घंटी एकदा वाजवा, ‘उजवीकडून येतोय’ म्हणा, आजी-आजोबांजवळून चालण्याच्या वेगाने जा. चालणाऱ्यांनी चौघांची आडवी भिंत करू नये, आणि दोन्ही कानांत इअरफोन नकोत.

दहावीच्या मुलाला ट्यूशनला स्कूटर देणाऱ्या पालकांना एकच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते. सायकल द्या. ब्रेक मी तपासून देतो.

पडल्यावर

कुणी पडलेलं दिसलं तर आधी मागची वाहतूक थांबवा, मग जवळ जा. १०८ ला किंवा ११२ ला फोन लावा. मानेला मार वाटत असेल तर उचलून बसवू नका. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, पोलिसांना नाव सांगायची सक्तीही नाही, तेव्हा त्या भीतीने लांब उभं राहू नका. गाडी चालवणाऱ्याने मात्र पळून जायचं नाही, जखमीला उपचार मिळवून देणं हे त्याचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे.

आणि सायकल. उचलून लगेच चालवू नका. पुढचं चाक उचलून फिरवा, ब्रेकला घासतं का बघा. हँडल चाकाच्या रेषेत आहे का बघा. मग बाजूने लांब उभं राहून चिमटा बघा, तो पुढे झुकलेला दिसला पाहिजे. सरळ किंवा मागे गेलेला दिसला तर ढकलत दुकानात आणा. चिमटा ठोकून सरळ करून द्या असं गिऱ्हाईक म्हणतं, पण मी करत नाही. वाकलेलं लोखंड सरळ केलं तरी तिथे चीर राहू शकते आणि पुढच्या खड्ड्यात ते तुटू शकतं. नवाच घालतो, पैसे हप्त्याने दिले तरी चालतात.