एम-फोरमधून शेल स्क्रिप्ट बनवताय? या चुका टाळा

एम-फोर म्हणजे मॅक्रोच्या नावाच्या जागी त्याचा ठरलेला मजकूर भरून देणारा प्रोग्राम. तो १९७७ चा, कर्निघन आणि रिचीने लिहिलेला, आणि ऑटोकॉन्फ या बिल्डच्या तयारीच्या टूलची कॉन्फिगर स्क्रिप्ट आजही त्यातूनच बाहेर पडते, त्यामुळे टूलवर संशय घेऊ नका. फक्त त्याला शेल कळत नाही, त्याला नुसता मजकूर दिसतो. नवीन मंडळी नेमकं हेच विसरतात.

सगळ्यात घातक चूक $1 ची, म्हणजे शेल फंक्शनला दिलेल्या पहिल्या आर्ग्युमेंटची. चालू शेल फंक्शन उचलतात आणि थेट डिफाइनच्या, म्हणजे मॅक्रो बनवणाऱ्या आदेशाच्या, आत टाकतात. अहो, मॅक्रोच्या आतलं $1 म्हणजे मॅक्रोचं पहिलं आर्ग्युमेंट समजून एम-फोर स्वतःच खातो, शेलपर्यंत ते पोचतच नाही! टीममधल्या एका पोराने सफाईचं फंक्शन असंच मॅक्रोत घातलं, फाइंडला सांगितलेलं की "$1/टीएमपी" मधल्या आठवड्याहून जुन्या फायली उडव. मॅक्रो बोलावला आर्ग्युमेंट न देता, $1 झालं रिकामं आणि स्क्रिप्टमध्ये उरलं नुसतं "/टीएमपी". त्याच्या लॅपटॉपवर जुनं काही नव्हतंच म्हणून टेस्ट पास, सर्व्हरवर मात्र बाकीच्यांच्या फायली गेल्या. न ठरवलेलं व्हेरिएबल दिसलं की शेलला एरर द्यायला लावणारं सेट -यू लावलेलं होतं, पण व्हेरिएबलच शिल्लक नाही तर शेल ओरडणार कशावर? मी फंक्शन मॅक्रोच्या बाहेरच ठेवते, मॅक्रोत फक्त पाथ आणि व्हर्जन. अगदीच आत हवं असेल तर एम-फोरची कोटची चिन्हं चौकोनी कंसांची करून $[]1 लिहायचं.

दुसरी, बिल्टिनची, म्हणजे एम-फोरमध्ये आधीपासून असलेल्या मॅक्रोंची, नावं. ऑक या मजकूर हाताळणाऱ्या भाषेत पहिल्या रकान्याची पहिली तीन अक्षरं काढायला तुम्ही सबस्ट्र($1, 1, 3) लिहिता, पण सबस्ट्र एम-फोरचंही आहे, ते "$1" या दोन अक्षरांचाच तुकडा पाडतं आणि ऑकच्या हाती येतं नुसतं 1. एरर काही नाही, प्रत्येक ओळीला 1 छापलं जातं आणि लोक डेटा तपासत बसतात. जीएनयू एम-फोरला कॅपिटल -पी द्या, मग बिल्टिनच्या नावाआधी 'एम४_' लागतं. जास्त टाइप करावं लागतं म्हणून टाळणाऱ्यांची घाई मला कळत नाही.

बाकीच्या पटापट:

कोट [ ] केलेत की शेलच्या अटीतले कंस गायब होतात, त्याऐवजी सरळ टेस्ट ही कमांड लिहा.

$# (आर्ग्युमेंटची संख्या) मधल्या # पासून एम-फोरची कॉमेंट सुरू होते, त्या ओळीतले पुढचे मॅक्रो तसेच राहतात. कॉमेंटचं चिन्ह ठरवणारं चेंजकॉम रिकामं द्या.

मॅक्रोचं नाव आणि कंस यात स्पेस नको.

आणि तयार झालेली स्क्रिप्ट हाताने दुरुस्त करणं तर बंदच करा, मेक या बिल्ड टूलने ती पुन्हा बनवली की दुरुस्ती पुसली जाते. मी मेकफाइलमध्येच आउटपुट रीड-ओन्ली करते, आधीच्या आउटपुटशी डिफ बघते, आणि शेल स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं शेलचेक चालवते तेही तयार झालेल्या स्क्रिप्टवरच.