खालच्या मजल्यावर काय ऐकू येतं? फ्लॅटमध्ये रोइंग मशीन चालवणाऱ्यांसाठी

"काका, वर सुतारकाम काढलंय का?"

खालच्या मजल्यावरच्या ताईंनी लिफ्टमध्ये असं विचारलं, तेव्हा रोइंग मशीन, म्हणजे सरकत्या सीटवर बसून हँडल ओढत वल्हवायचं व्यायामाचं यंत्र, घरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. ताई रात्रपाळी करतात. सकाळी आठला घरी येऊन झोपतात, आणि मी बरोबर साडेआठला वल्हवायला बसायचो. पण सुतारकाम? माझं मशीन हवेच्या पंख्याचं आहे, ते घुंऽऽ घुंऽऽ करतं. त्यात ठोकाठोकी कसली?

मग मी तेच केलं जे सगळे करतात. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या जाड मॅट आणल्या, मशीनखाली पसरल्या आणि निर्धास्त झालो. दोन आठवड्यांनी लिफ्टमध्ये तोच प्रश्न, फक्त या वेळी ताई हसत नव्हत्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार झाला होता. आवाज नेमका कुठला, हे न बघताच मी इलाज करून बसलो होतो.

त्याच संध्याकाळी त्यांची परवानगी घेऊन मी त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन बसलो आणि वर बायकोला मशीनवर बसवलं. पंख्याचा आवाज, जो आमच्या घरात टीव्ही बुडवतो, तो खाली जवळजवळ येतच नव्हता. येत होतं ते वेगळंच. आधी छतातून सरकत जाणारी घर्रर्र, मग बारीकसं ठक्. जरा थांबून पुन्हा घर्रर्र, ठक्. डोळे मिटले तर वर कोणी रंधा मारतंय असंच वाटेल. मग आम्ही जागा बदलल्या. मी वर, बायको खाली. ती परत आली आणि म्हणाली, "घर्रर्र मशीनची आहे. पण जोराचं ठक् तुझं आहे."

यामागचं कारण साधं आहे. आवाजाला जायला दोन वाटा असतात, एक हवेतून आणि एक इमारतीच्या अंगातून. पंख्याचा आवाज हवेत फिरतो आणि काँक्रीटचा स्लॅब त्याला चांगला अडवतो. सीटच्या चाकांची थरथर आणि टाचेचा दणका मात्र मशीनच्या पायांतून थेट स्लॅबमध्ये उतरतो, आणि खालच्यांसाठी अख्खं छत ढोलकीच्या पुडीसारखं वाजतं. वर बसलेल्या माणसाच्या कानात पंखा भरलेला असतो, त्यामुळे त्याला हा दणका कळतच नाही. थोडक्यात, या कामी आपले कान बिनकामाचे.

म्हणून मॅट आणायच्या आधी खाली जाऊन ऐका. ऐकायचीही पद्धत आहे. एकाने वर बसावं, एकाने खाली, फोन चालू ठेवावा. वरच्याने आधी सीट न हलवता फक्त हातांनी हँडल ओढावं. मग हँडल जागेवर ठेवून, पाय पट्ट्यात अडकवून नुसतं मागेपुढे सरकावं. मग सावकाश पूर्ण स्ट्रोक, म्हणजे एकदा ओढून परत पुढे येणं, आणि शेवटी तेच जोरात. कोणत्या वेळी काय ऐकू आलं ते खालच्याने तिथल्या तिथे सांगावं. दहा मिनिटांत दुखणं सापडतं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडेही एकदा जाऊन या, कारण स्लॅबमधला दणका आडवाही पसरतो. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर मी विसंबत नाही. फोनच्या माईकला खोल, जड आवाज नीट पकडता येत नाहीत, आणि लोकांची झोप मोडतात ते नेमके तेच.

शेजारी घरात नसतील किंवा अजून एवढी ओळख नसेल, तर पसरट भांड्यात काठोकाठ पाणी भरून मशीनपासून पाच-सहा फुटांवर जमिनीवर ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी वल्हवायला लावा. पाण्यावर कुठल्या क्षणी तरंग उठतो ते पाहा. माझ्या बाबतीत तो दर वेळी पुढच्या टोकाला, पाय ढकलायला सुरुवात केली की उठायचा.

आता ते ठक्. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण यात एक दमडीही जात नाही आणि निम्म्याहून जास्त फरक यानेच पडला.

मी काय करत होतो? ओढून झालं की घाईघाईने पुढे येत होतो. अंगाचं सगळं वजन सीटसकट घसरत पुढे यायचं आणि तिथे दाणकन थांबायचं. थांबताना टाचा वर उचलल्या जायच्या, आणि ढकलताना त्या फूटप्लेटवर, म्हणजे पाय टेकवायच्या पाटीवर, आपटायच्या. पट्टेही ढिले. म्हणजे दर स्ट्रोकला एक धक्का थांबण्याचा आणि लगेच एक टाचेचा, खाली दोन्ही मिळून एकच ठक्. मिनिटाला २८ स्ट्रोक मारले की मिनिटाला २८ वेळा ठक्.

उपाय परत येण्याच्या वाटेवर आहे. ओढायला एक आकडा, परत यायला दोन आकडे, हे मनातल्या मनात मोजा. परतताना आधी हात सरळ करा, मग कंबरेतून पुढे झुका आणि हात गुडघ्यांच्या पलीकडे गेल्यावरच गुडघे वाकवा. गुडघे आधी वाकले की हँडल त्यांच्यावरून उचलून न्यावं लागतं आणि सगळी लय बिघडते. नडग्या उभ्या झाल्या की तिथेच थांबा, त्यापुढे सीट रेटू नका. शेवटच्या वीतभर अंतरात वेग जवळजवळ शून्यावर यायला हवा, दार लावताना आवाज होऊ नये म्हणून आपण हात आखडता घेतो ना, तसा. पट्टा पावलाच्या सगळ्यात रुंद भागावरून, बोटांच्या सांध्यांवरून घट्ट जायला हवा. टाच थोडी उचलली गेली तर हरकत नाही, पण ढकलायच्या आधी ती टेकलेली हवी. आधी टेकवायची, मग दाबायचं. लाथ मारायची नाही.

यासाठी मी वेगही उतरवला. आता मिनिटाला १८ ते २२ स्ट्रोक. दम तेवढाच लागतो, कारण प्रत्येक स्ट्रोकमध्ये पायांचा जोर जास्त घालता येतो. उलट गुडघ्यांची कुरकुर कमी झाली, ज्यासाठी पळणं सोडून मी या मशीनकडे आलो होतो. आणि व्यायाम संपला की हँडल हातातून सोडून देऊ नका. ते चेनच्या ओढीने सुसाट जातं आणि पुढे आदळतं. हाताने नेऊन ठेवा. मशीन उभं करून किंवा घडी घालून ठेवत असाल तर टेकवताना दुसऱ्याचा हात घ्या. स्ट्रोकचे सगळे दणके वाचवून शेवटी अख्खं मशीन दणकन टेकवलं तर काय उपयोग?

घर्रर्रचं कारण मला शेवटी रेलवर सापडलं. सीटची चाकं ज्या पट्टीवरून धावतात तिच्यावर घाम, धूळ आणि मोज्यांची लव यांचा काळा थर बसला होता, आणि त्यातलाच थोडा चाकांवर चिकटून त्यांना टेंगळं आली होती. ओल्या फडक्याने रेल पुसली, चाकांवरचा मळ नखाने खरवडला, आवाज निम्म्यावर आला. आता दर वेळी उठताना पुसतो, अर्ध्या मिनिटाचं काम. रेलला तेल लावू नका, त्यावर धूळ आणखी बसते. तेल चेनला. कन्सेप्ट२ कंपनी तिच्या मशीनच्या चेनला दर ५० तासांच्या वापरानंतर तेल लावायला सांगते. फडक्यावर थोडं घेऊन चेनवरून फिरवायचं आणि जास्तीचं पुसून टाकायचं. सोबत पान्याने सगळे बोल्टही एकदा आवळून घ्या.

एवढं झाल्यावर मॅट. फोम का फसला ते उचलल्यावर दिसलं. मशीनचे पाय अरुंद असतात आणि सगळा भार त्यांवर येतो. त्यांच्याखाली फोम चेपून कागदासारखा झाला होता, आणि बाकीची मॅट नुसती शोभेला पसरलेली. इथे हवं घट्ट रबर, आणि भार पसरवणारं काहीतरी कडक. मी १८ मिलिमीटरचं प्लायवुड घेतलं. आठ फूट बाय चार फुटांची फळी उभी चिरून दोन फूट रुंदीची पट्टी केली, माझं मशीन तिच्यावर बरोबर बसतं. तुमच्या मशीनचं माप आधी घ्या. प्लायखाली दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या घट्ट रबराचे तुकडे, मुख्यतः जिथे मशीनचे पाय येतात तिथे. प्लायवर पातळ रबर, म्हणजे पाय सरकत नाहीत. गुळगुळीत फरशीवर मशीन प्रत्येक स्ट्रोकला केसभर सरकतं आणि चर्र आवाज करतं, तेही यात थांबलं.

मऊ तेवढं चांगलं, असं मात्र समजू नका. कोणत्याही स्प्रिंगला, म्हणजे रबरालाही, वर ठेवलेल्या वजनासकट स्वतःचा एक ठेका असतो. त्या ठेक्याच्या साधारण १.४ पटीपेक्षा वेगाने होणारी थरथरच ती अडवते. संथ हालचाल तशीच पार होते, आणि ठेक्याच्या जवळपासची तर वाढते. तुमचं वजन मागेपुढे होतं ते तीन सेकंदांतून एकदा. ते जगातली कुठलीही मॅट अडवणार नाही. मॅट अडवते चाकांची घर्रर्र आणि दणक्याची धार. म्हणूनच आधी पाय सुधारा, मग रबर आणा. एक चूक मी केली ती टाळा. प्लायचा कोपरा कपाटाला टेकला होता. तेवढ्या पुलावरून थरथर कपाटात जायची आणि दारं किणकिणायची. भिंत, कपाट, पलंग, कशालाही टेकू देऊ नका, चार बोटं मोकळी ठेवा.

मशीन ठेवायचं कुठे? स्लॅब सगळ्यात जास्त हलतो खोलीच्या मधोमध, आणि सगळ्यात कमी बीम किंवा कॉलमजवळ. म्हणून मध्यातून उचलून बीमच्या कडेला, भिंतीला समांतर लावा. बाल्कनीत नको. पुढे काढलेला स्लॅब एकाच कडेला धरलेला असतो, तो लवकर थरथरतो. बहुतेक इमारतींत मजल्यामागून मजला तोच नकाशा असतो, म्हणजे तुमच्या बेडरूमखाली त्यांचीही बेडरूम. हॉल बरा. जागा ठरली की तिथल्या फरश्या नाण्याने वाजवून पाहा. एखादी पोकळ वाजली तर मशीनचा पाय तिच्यावर येऊ देऊ नका. मग प्रत्येक पायाखाली कागदाची चिठ्ठी सरकवून पाहा. एखाद्या पायाखालून ती सहज निघाली तर मशीन तिथे डुलतंय, पातळ रबराची चकती घाला.

"मग चुंबकाचं मशीन घेतलं तर कटकटच मिटली," असं एक मित्र म्हणाला. निम्मं खरं आहे. त्यात चुंबक चाकाला स्पर्श न करता अडवतो, त्यामुळे पंख्याचा घुंकार जातो. पाण्याच्या मशीनचा खळखळाटही कानाला गोड. पण सीट, रेल, टाचा आणि वजन सगळीकडे तेच. ठक् ज्याचं आहे तो त्या मशीनवरही ठक् करणारच. मात्र भिंतीपलीकडे तान्हं बाळ असेल, किंवा खिडक्या उघड्या ठेवून वल्हवायचं असेल, तर चुंबकाचं मशीन जरूर बघा.

भिंतीपलीकडच्या आजोबांची तक्रार तर मशीनची नव्हतीच. पंख्यावर मात करायला मी फोनवरच्या मॅचची कॉमेंट्री पूर्ण आवाजात लावायचो, ती त्यांना शब्द न् शब्द ऐकू यायची. स्कोअर विचारायला आले होते खरं तर, पण अर्थ मला कळला. आता कानात बिनवायरचे इअरफोन. वायरचे घेऊ नका, ती हँडलमध्ये अडकते.

वेळेचं आम्ही सरळ बोलून ठरवलं. ताई दर रविवारी आठवड्याच्या ड्यूट्या मेसेज करतात. रात्रपाळी असेल त्या दिवशी मी संध्याकाळी बसतो, एरवी सकाळी. कधी वेळ बदलली तर आधी कळवतो.

गेल्या महिन्यात पुन्हा त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन बसलो, वर मुलाला वल्हवायला लावून. ठक् नाही. घर्रर्र कान देऊन ऐकली तर होती, त्यांच्या खोलीतला पंखा लावल्यावर तीही नाही. उठताना ताईंना विचारलं, आता काही त्रास?

"मशीनचा नाही, काका. पण रात्री तुम्ही जेवायच्या टेबलाच्या खुर्च्या ओढता ना, त्यांचं काहीतरी बघा."