ग्रंथ यहूदी की ख्रिस्ती? ठरवताना या चुका टाळा

बायबलच्या जुन्या करारातल्या माणसांवरचे प्राचीन ग्रंथ यहूदींनी लिहिले की ख्रिस्ती लोकांनी, हे ठरवताना पहिला तर्क असा: 'येशूचं नाव कुठेच नाही, म्हणजे ग्रंथ यहूदी.' सर्वांत जास्त फसगत इथेच होते. नोहा, अब्राहाम, योसेफ ही मंडळी ख्रिस्ती लोकांनीही आपलीच मानली होती. त्यांच्याबद्दल लिहिताना पानोपानी ख्रिस्त आणलाच पाहिजे, असा काही दंडक नव्हता. नुसत्या साच्यावरूनही धर्म ठरवू नका. फादर स्टीफन्सचं १६१६चं क्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे, त्यात वैकुंठही आहे. म्हणून ते काही वैष्णव होत नाही!

याच्या उलटी चूक जास्त मोहात पाडते. ख्रिस्ती ओळ दिसली की 'नंतर घुसडलेली' म्हणून कापायची आणि उरलेलं यहूदी म्हणून मोकळं व्हायचं. याकोबाच्या बारा मुलांची ग्रीक मृत्युपत्रं घ्या, म्हणजे त्यांनी मरताना केलेले उपदेश. योसेफाच्या मृत्युपत्रात कुमारिकेपोटी निष्कलंक कोकरू, म्हणजे ख्रिस्त, जन्मतं. ठीक, ही ओळ उचलून बाजूला ठेवता येईल. पण त्याच ग्रंथात त्याचा भाऊ शिमोन सांगतो की देव देह धारण करून माणसांबरोबर जेवेल. अशा जागा काढत गेलात की वीण उसवायला लागते. अभ्यासक मारिनुस द योंगे यांनी १९५३ साली हाच मुद्दा धरला: हाती आलेला ग्रंथ ख्रिस्ती, त्यात वापरलेला माल जुना यहूदी. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत प्राचीन यहूदी पोथ्या मिळाल्या; त्यांत याकोबाचा मुलगा लेवी याच्याबद्दलचं अरामी लिखाण सापडलं, त्यामुळे जुना माल होता हे पक्कं झालं. पण ते लिखाण म्हणजे ग्रीक मृत्युपत्र नव्हे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की फरक लगेच दिसतो.

म्हणून सुरुवात पोथीपासून करा. ती कुठल्या भाषेत आहे, कोणत्या शतकातली, कोणी जपली? असे बहुतेक ग्रंथ ख्रिस्ती नकलकारांनीच राखले, ग्रीक, सिरियाक, गीझ (इथिओपियाची जुनी भाषा) नाहीतर स्लाव्हॉनिकमध्ये. तिथून पुरावा ढकलेल तेवढंच मागे जायचं.

आणि कुमरानमध्ये नाही म्हणजे यहूदी नाही, हेही घाईचं. नोहाचा पूर्वज हनोख याच्या नावावरच्या पुस्तकाचे ३७ ते ७१ हे अध्याय तिथे मिळाले नाहीत. त्यात 'मनुष्याचा पुत्र' वारंवार येतो, आणि शुभवर्तमानांत येशू स्वतःला हेच म्हणवतो. कुमरानच्या पोथ्यांचे अभ्यासक मिलिक यांनी हा भाग ख्रिस्ती ठरवला. आज बहुतेक अभ्यासक तो यहूदीच मानतात. ते शब्द जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातही आहेतच. शिवाय ७१वा अध्याय उघडा: तिथे 'तो मनुष्याचा पुत्र तूच' असं सांगितलं जातं, तेही खुद्द हनोखला. ख्रिस्ती लेखकाने हा मान हनोखला कशाला दिला असता?